कानवाल्याचा हात

धुक्यात छोट्या बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर बसून जहाजांचे भोंगे ऐकणाऱ्याला या बंदरात कानवाला म्हणत. काम तसं साधं. नदी ओलांडण्याआधी सुकाणूवरच्याने इंजिन बंद करायचं, कानवाल्याने ऐकायचं आणि हात वर करायचा. डावा हात म्हणजे जहाज डावीकडून, अलीकडच्या पट्ट्यातून येतंय, थांबा. उजवा हात म्हणजे ते उजवीकडून, पलीकडच्या पट्ट्यातून येतंय. नदीच्या मध्यावर तरंगणाऱ्या बोयापर्यंत खुशाल जा. प्रवाशांसाठी बोटीत ठळक अक्षरांत पाटी होती : धुक्यात बोलू नये.

या लाँचवर सुकाणू सुनेच्या हाती होतं आणि नाळेवर तिचा सासरा असे. नवऱ्याला पाणी पाहूनच मळमळे, म्हणून तो टपाल खात्यात सुखाने नांदत होता. म्हाताऱ्याच्या बरोबरीचे कानवाले केव्हाच निवृत्त होऊन धक्क्यावरच्या बाकावर बसले होते आणि एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करत होते. म्हातारा त्या बाकाला जहाजांपेक्षा जास्त भ्यायचा. म्हणून दोन महिन्यांपूर्वी त्याचा डावा कान गेला, तेव्हा त्याने ब्रसुद्धा काढला नाही. घरी तो सगळ्यांच्या डाव्या हाताला बसू लागला, एवढंच. सुनेला वाटलं, या वयात माणूस जागेचा हट्टी होतो.

ते दोन महिने धुकं पडलं नाही. पडलं तेव्हा एवढं पडलं की सुकाणूवरून नाळेवरचा म्हातारा कसाबसा दिसत होता. बोटीत पलीकडच्या गोदामात कामाला जाणारे नऊ जण होते. सुनेने इंजिन बंद केलं. भोंगा वाजला.

एका कानाने ऐकणाऱ्याला सगळं जग त्याच कानाच्या बाजूला असतं. म्हाताऱ्याला भोंगा उजवीकडून ऐकू आला. आपला भरवसा नाही, हे त्याला माहीत होतं. थोडं थांबावं, असंही वाटलं. पण चाळीस वर्षांत तो कधी अडखळला नव्हता. त्याने उजवा हात वर केला.

सुनेने लाँच पुढे काढली.

मालवाहू बार्ज डावीकडून आली. आधी धुकं काळं पडलं, मग त्याला गंजाचे डाग दिसू लागले, मग ती भिंत होऊन सरकायला लागली. सुनेने इंजिन उलटं फिरवलं. नाळेपासून दोन हातांवरून ती भिंत गेली, बराच वेळ जात राहिली. लाटेने लाँच आडवी झाली, सरळ झाली. एक डबा पाण्यात गेला. माणसं सगळी होती. सुनेने दोनदा मोजली.

मधल्या बोयाला तिने दोर टाकला आणि ती नाळेकडे वळली.

"मामा, ती डावीकडून आली."



"आम्हाला डावीकडूनच ऐकू आली होती," मागून गोदामातल्या मुकादमबाई म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

बाईंनी पाटीकडे बोट दाखवलं. बाकीच्या आठांनीही माना डोलावल्या. नऊच्या नऊ जण नियमाने वागले होते आणि त्यापायी सरळ तळाला जायलाही तयार होते.

"शिवाय म्हटलं, यांचा हात," एक हमाल म्हणाला. "यांच्यापुढे आपण काय बोलायचं?"

म्हातारा नाळेवरून उठला.

"माझा डावा कान गेलाय, सूनबाई. दोन महिने झाले."

कुणी काही बोललं नाही. आता तर पाटीचीही गरज नव्हती.

"आता पलीकडे कसं जायचं, ते सांगा," सून म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, त्याचंच म्हाताऱ्याला जास्त लागलं.

"यांना ऐकू दे. डोळे मिटा रे सगळ्यांनी. भोंगा झाला की बोट दाखवा. एकमेकांचं बघून नाही."

त्यांनी वाट पाहिली. भोंगा झाला. आठ बोटं उजवीकडे गेली, एक डावीकडे.

"तुझं काय?" मुकादमबाईंनी हमालाला विचारलं.

"मला तिकडूनच वाटलं."

"याला पगारसुद्धा कमी वाटतो," बाई म्हणाल्या.

उजवीकडचं म्हणजे आता पुढचाच पट्टा. सून थांबली. उजवीकडून एक जहाज आलं आणि डावीकडे गेलं. पुढच्या दोन भोंग्यांना नऊही बोटं डावीकडे, दूर गेलेल्या जहाजाकडेच वळली. मग तिने दोर सोडला.

बंदर कचेरीत थोडक्यात वाचलेल्यांसाठी वेगळा फॉर्म होता. कारणाखाली चार चौकटी : धुकं, प्रवाह, यंत्र, इतर.

"धुक्यावर खूण करा आणि मोकळ्या व्हा," कारकून म्हणाला. "धुकं काही उलट जबाब द्यायला येत नाही."

सुनेने पेन धुक्याच्या चौकटीवर नेलं आणि तिथेच धरून ठेवलं. खूण केली असती तर उद्या नाळेवर म्हातारा असता. न केली तर बाक. सासऱ्याकडे न बघता ती म्हणाली, "मामा, काय करू?"

"नऊ माणसं होती," म्हातारा म्हणाला. "दहावी तू."

त्याने तिच्या हातातून पेन घेतलं, चौथ्या चौकटीत खूण केली आणि पुढे लिहिलं : कानवाल्याला डावीकडचं ऐकू येत नाही. त्याने ते लपवलं. खाली सही केली.

कारकुनाने दोनदा वाचलं. "एवढं लिहायला जागा नसते हो तिथे," तो हळूच म्हणाला.

"बारीक लिहिलंय."

म्हाताऱ्याने शर्टाच्या खिशातून कानवाल्याचा पास काढून टेबलावर ठेवला. कारकुनाला तो लगेच उचलवेना. त्याने आधी दोन-तीन कागद सारखे केले.

"उद्या धुकं पडलं तर?" म्हाताऱ्याने सुनेला विचारलं.

"नवीन माणूस मिळेपर्यंत लाँच धक्क्यालाच."

"लोक ओरडतील."

"ओरडू देत."

म्हाताऱ्याने मान डोलावली आणि तिच्या आधी बाहेर पडला. धुकं विरलं होतं. बाकावरच्यांनी त्याला पाहून सरकून जागा केली.