सूचना क्रमांक बावीस

लग्नाआधी मी फोर्टातल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत टायपिस्ट होते. लग्न होऊन वाशीला आले आणि मागोमाग टेम्पोतून माझा टाइपरायटर आला, तेवढीच काय ती माझी नोकरी शिल्लक राहिली. एजन्सीचे जयप्रकाश साहेब भला माणूस. घरी बसून होण्यासारखं काम ते दिनानाथ शिपायाबरोबर पाठवून द्यायचे.

१९८३च्या मार्चमध्ये आलेलं काम मोठं मजेशीर होतं. साहेबांच्या ओळखीची एक अमेरिकन बाई तिकडच्या लोकांना युरोपच्या सहली काढून द्यायची. पहिल्यांदाच गेलेली तिची माणसं तिथली हॉटेलं बघून बिथरायची म्हणे. म्हणून तिने हाताने एकवीस सूचना लिहून काढल्या होत्या, त्या स्वच्छ टाइप करायच्या होत्या.

खोली लहान असेल, दचकू नका. लिफ्टमध्ये एक माणूस आणि एक बॅग मावेल, कधी लिफ्टच नसेल. बाथरूम व्हरांड्याच्या टोकाला, चारचौघांत मिळून असू शकेल. गरम पाणी ठरलेल्या वेळीच येईल. न्याहारीला पाव, लोणी, कॉफी. त्याहून जास्तीची आशा नको. जिन्यातला दिवा आपला आपण विझेल, ओरडू नका.

मला हसू आवरेना. खोल्या लहान, लिफ्टचा पत्ता नाही, पाणी वेळेवर आलं तर आलं, जिन्यात दिवसाही अंधार. अमेरिकन लोकांना हे सगळं आधी समजावून सांगत होते. मला कोणी चकार शब्द न सांगता थेट तिसऱ्या मजल्यावर आणून सोडलं होतं!

एकविसाव्या सूचनेवर मात्र बोटं थांबली. बाहेर जाताना खोलीची किल्ली खाली काउंटरवर द्यायची, परत आल्यावर मागून घ्यायची. कोणी चुकून नेऊ नये म्हणून तिला जड पितळी गोळा बांधलेला असतो. राग मानू नका, ती तिकडची रीत आहे.

आमच्या किल्लीला गोळा नव्हता, सासूबाईंची कंबर होती.

सासूबाई म्हणजे मालतीबाई. त्यांचा जन्म गिरगावातल्या चाळीत गेला, जिथे दार म्हणून दिवसा कधी लागलंच नाही. इथे वाशीत अर्धी बिल्डिंग रिकामी. दिवाळीत तळमजल्यावर चोरी झाली आणि त्यांनी धसका घेतला. तेव्हापासून रोज चार वाजता देवळात भजनाला जाताना त्या दाराला बाहेरून कुलूप घालायच्या. मी आत असताना.

"बाहेर कुलूप दिसलं की कोणी बेल वाजवत नाही," त्या म्हणायच्या. "आणि तुला तरी कुठे जायचंय?"

कुठेच जायचं नव्हतं. पण चार ते साडेसहा मला कुठे जायचं नाहीये, हे मी ठरवायचं ना? पहिले काही दिवस मी दारापाशी जाऊन ते ओढून बघायची. मग ओढायचं सोडलं, आणि माझं मलाच त्याचं वाईट वाटलं. सुधीरकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, मी एकच गोष्ट मागितली होती: दुसरी किल्ली. तुर्भ्याच्या कंपनीतून आला की म्हणायचा, "करतो गं, रविवारी करतो." चार महिन्यांत रविवार काही कमी आले नाहीत.

दिनानाथ कागद न्यायला आला तो नेमका साडेचारला. टाइपरायटरची खडखड ऐकू गेली असेल, कुलूप दिसत असूनही त्याने बेल वाजवली. मी दारामागून ओरडले, "थांबा, मी आत आहे!"

मग तो दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, तुमाला कोंडलंय काय?"

"छे हो. सासूबाई देवळात गेल्यात, चुकून कुलूप लागलं."

त्याचा विश्वास बसला नसावा. मुकाट जिन्यावर बसला. मी दाराच्या फटीतून एकेक कागद बाहेर सरकवू लागले. शेवटच्या पानाशी आले आणि मला जे काही झालं ते झालं. माझ्याच तोंडून आलेल्या त्या 'चुकून'चा संताप आला. पान परत मशीनवर चढवलं आणि एकविसाव्याखाली टाइप केलं: 'सूचना २२. काही ठिकाणी मालकीणबाई पाहुण्याला आत ठेवून बाहेरून कुलूप लावतात. ही कुठलीच रीत नव्हे. अशा ठिकाणी राहू नका.' पान फटीतून ढकललं.

साहेबांनी ते न वाचताच अमेरिकेला धाडलं. दीड महिन्याने, एका रविवारी दुपारी, आम्ही जेवत असताना सुधीरने त्यांचं पाकीट फोडलं. आत त्या बाईचं पत्र. इंग्रजी पत्र आलं की आईला मराठीत वाचून दाखवायची त्याला भारी हौस.

"ती लिहिते, टायपिंग सुरेख आहे. पण बाविसावी सूचना माझी नाही. तीस वर्षांत असलं हॉटेल मी पाहिलं नाही. तुमच्या टायपिस्टला ठाऊक असेल तर नाव-पत्ता कळवा, म्हणजे माझ्या हॉटेलांच्या यादीतून काढून टाकते." सोबत परत आलेल्या पानावरची बाविसावी सूचनाही त्याने वाचली.

सासूबाईंचा घास हातात राहिला. "अगो बाई! माणसाला आत ठेवून कुलूप? आग लागली तर त्याने उडी मारायची काय? कोण ती मेली मालकीण?"

मी खाली बघून आमटी वाढून घेतली. "तिसरा मजला," मी म्हटलं. "वाशी. चार ते साडेसहा."

सुधीरने पत्र घडी घालून पाकिटात ठेवलं. सासूबाईंनी भात कालवला आणि तसाच ठेवून उठल्या.

दुसऱ्या दिवशी चार वाजले तरी त्या देवळात निघाल्या नाहीत. माझ्या टाइपरायटरवर किल्ली होती, शेजारी उघडं कुलूप. "जा, कुठे जायचं ते," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या.

कुठे जायचं ते मला अजूनही ठाऊक नव्हतं. त्या बाईच्या पत्राला उत्तर लिहिलं होतं, 'नाव सांगता येत नाही, पण सूचना राहू द्या', ते टाकायला पोस्टात जाते म्हटलं. साडी बदलली, चपला घातल्या. कुलूप हातातच होतं.

"अरुणा," आतून हाक आली. आवाज मला ओळखूच आला नाही. "बाहेरून कुलूप लावून जा गं. मला एकटीला भीती वाटते."

माझ्या मनात आलं, लावावं. अडीच तास बसू दे, कळू दे. कित्येक महिन्यांचा राग होता तो, खोटं कशाला बोलू? वळून पाहिलं तर त्या पलंगाच्या कडेला पदर घट्ट धरून बसल्या होत्या. एवढी भीती घेऊन ही बाई रोज देवळापर्यंत जात होती, आणि निदान घर तरी कुलपात आहे म्हणून तिचं भजनात मन लागत होतं.

मी कुलूप पर्समध्ये टाकलं.

"उठा, आई. कडी लावून घ्या. आतून."

"आणि तू आलीस म्हणजे?"

"मी बेल वाजवीन. कोण आहे विचारायचं, आणि मग उघडायचं."

दार ओढून घेतलं आणि तिथेच उभी राहिले. त्यांना यायला बराच वेळ लागला. आतून कडी सरकल्याचा आवाज आला, तेव्हा मी जिना उतरायला लागले.