दीडशेचं वळण

मी जागेवर परत आले तर माझ्या खुर्चीत साहेब बसले होते आणि माझा माउस त्यांच्या हातात होता. माझ्या माउसला कोणी हात लावला की माझं डोकं फिरतं, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक आहे. साहेबांनाही ठाऊक आहे.

"ये, बस," ते म्हणाले. बसायचं कुठे, ते सांगितलं नाही. "तुझं काम करून टाकलं. आता मामांना तोंड दाखवायला लाजू नकोस."

स्क्रीनवर आमचा नवा रस्ता होता. गाड्या ऐंशीच्या वेगाने जातील असा. शहराकडून येणारी एक सरळ रेषा, कारखान्यांकडे जाणारी दुसरी आणि दोघींना जोडणारं मी आखलेलं वळण. त्याचा रेडियस मी दोनशे चाळीस मीटर ठेवला होता. ऐंशीच्या वेगाला दोनशे तीसच्या खाली जायचं नसतं, आणि हा नियम कोणाच्या लहरीवर झालेला नाही. रेडियस जितका मोठा, तितकं वळण ऐसपैस, आणि तितकं ते कोपरा सोडून आतून जातं. तिथे आतल्या बाजूला माझ्या मामाचं लेथचं वर्कशॉप आहे. माझं वळण त्याच्या बरोबर मधून जात होतं.

वडील गेल्यावर आम्हाला त्या वर्कशॉपनेच वाढवलं. शाळा सुटली की मी थेट तिथे जायचे आणि लेथच्या घरघरीत पाढे पाठ करायचे. मामाने मला विचारलंही होतं, आमच्याच घरी, जेवता जेवता. "जरा इकडे तिकडे होईल का गं?" मी नाही म्हणाले. तो "असू दे" म्हणाला आणि आमटी वाढून घेतली. मला वाटलं, विषय संपला. मी मूर्ख. हा माणूस सरळ उठून माझ्या साहेबांकडे गेला होता.

"भला माणूस आहे," साहेब सांगत होते. "म्हणाला, भाचीला अडचणीत टाकायचं नाही, तुम्हीच बघा. मग मी बघितलं."

काय बघितलं ते मी बघितलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मी वळणाला रेडियस दिला होता. साहेबांनी तो काढला आणि सॉफ्टवेअरला सांगितलं, वळण या बिंदूतून जाऊ दे, रेडियस काय येईल तो येवो. बिंदू कुठला, तर मामाची भिंत वाचेल असा. सॉफ्टवेअर हुकमाचं ताबेदार. त्याने वळण नऊ मीटर बाहेर सरकवलं आणि रेडियसच्या रकान्यात मुकाट्याने दीडशे लिहून टाकलं. नियम मोडला की ते एक पिवळा त्रिकोण दाखवतं. तो कुठेच दिसेना. म्हणून मी सेटिंग उघडलं, तर साहेबांनी त्रिकोण दाखवायचंच बंद करून ठेवलं होतं. मी टिक परत लावली आणि वळणावर त्रिकोण उभा राहिला.

"सर, हे दीडशे झालंय."

"बोर्ड लावू ना. वेग कमी करा, पुढे वळण आहे. एवढं काय त्यात?"

"आणि आतली भिंत? भिंतीच्या पलीकडून काय येतंय ते ड्रायव्हरला दिसणार कसं?"

"तू फार विचार करतेस," साहेब उठत म्हणाले. "घरचं माणूस आहे, थोडं समजून घे. संध्याकाळी प्रिंट काढ, सही कर आणि मोकळी हो."

घरचं माणूस. माझ्याच घरच्या माणसाबद्दल मला हे समजावत होते, आणि वर आपण केवढे उदार असा चेहरा. समोरची गाडी चुकवताना एखादा ट्रक त्या भिंतीत घुसला असता तर आत लेथवर कोण उभं असणार होतं, हेही त्यांना सुचलं नव्हतं. मामाला तरी कुठे सुचलं होतं.

तेवढ्यात आईचा फोन आला. "गुणाची गं माझी बाय. दादाने सांगितलं. डोळे भरून आले होते त्याचे."

"आई, मी काहीही केलेलं नाही."

"हो हो, ऑफिसात बोलता येत नसेल," आई हळू आवाजात म्हणाली आणि फोन ठेवला. म्हणजे आता मी लबाडही होते, आणि त्याबद्दल माझं कौतुकही चाललं होतं.

मला मामाचं वर्कशॉप पाडायची हौस नव्हती. हे कोणी विचारलं नाही म्हणून सांगते. दुपारभर मी त्या वळणाशी झगडले. बिंदू काढून रेडियस पुन्हा दोनशे चाळीस केला आणि दोन्ही सरळ रेषा उचलून बाहेर नेल्या. वळण अख्खंच्या अख्खं बाहेर गेलं, त्रिकोण गेला, भिंत वाचली. एक क्षण मला इतकं हलकं वाटलं की मी खुर्चीत मागे रेलले. मग मी जागेवरची घरं दाखवणारा सर्व्हेचा थर चालू केला आणि पाहिलं, रस्त्याखाली एक चौकोन होता. घर.

मोजणी करून आलेल्या सर्व्हेयरला फोन लावला. "तिथे कोण राहतं?"

"एक शिवणकाम करणारी बाई आहे, तिची म्हातारी आई आहे," तो म्हणाला. "दोघी एका खोलीत असतात, मशीन दारात. का, मॅडम? ते तर रस्त्याच्या बाहेर होतं ना?"

"बाहेर होतं," मी म्हणाले.

त्या बाईने कोणाला जेवता जेवता काही विचारलं नव्हतं. विचारायला तिला आमच्या ऑफिसात कोणी नव्हतं. रस्त्याची रेषा एका बटणासरशी तिच्या छपरावर जाते हे तिला कळलंसुद्धा नसतं. मामासाठी मी अर्धा दिवस घालवला. ती मामाच्या जागी असती आणि मामा तिच्या, तर तिच्यासाठी मी पाच मिनिटं तरी घालवली असती का? याचं उत्तर मला माहीत होतं, आणि तेव्हा पहिल्यांदा मला स्वतःचाच संताप आला.

मी रेषा होत्या तिथे परत ठेवल्या. दोनशे चाळीसचं वळण लॉक केलं. साहेबांचं दीडशेचं वळणही त्रिकोणासकट वेगळ्या नावाने ठेवलं. दोन्हींच्या प्रिंट काढून त्यांच्या टेबलावर ठेवल्या.

"यातल्या एकीवर माझी सही आहे," मी म्हणाले. "दुसरी हवी असेल तर 'डिझाइन' पुढे तुमचं नाव घालते. पेन देऊ?"

आवाज माझा असा चढला होता की बाहेरच्या टेबलांवरची टकटक थांबली. साहेबांनी दीडशेची प्रिंट उचलली, त्रिकोण पाहिला, पेन पाहिलं. सकाळी केवढं सोपं होतं सगळं.

"एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं," ते पुटपुटले आणि दीडशेची प्रिंट चुरगळून टोपलीत टाकली. दोनशे चाळीसवर तपासल्याची सही केली. माझ्याकडे बघितलं नाही.

मी थेट वर्कशॉपवर गेले. मामा लेथवर वाकला होता. मला बघून हसला, मशीन बंद केलं आणि माझ्यासाठी स्टूल पुसायला लागला. ते बघून मला आणखी राग आला.

"स्टूल राहू दे. रस्ता इथूनच जाणार आहे. मी पुन्हा होता तसा केला."

त्याचा फडक्याचा हात थांबला. "साहेबांनी केलं होतं ना? तू नुसतं गप्प राहायचं होतंस."

"माझ्या नावाने? माझ्या पाठीमागून?"

"मग रस्ता पलीकडून न्यायचा होतास."

"पलीकडे एक बाई राहते. शिवणकाम करते."

"ती तुझी कोण?"

"कोणी नाही," मी ओरडले. "कोणी नाही म्हणून तिचं घर पाडू? आणि तू माझा मामा म्हणून दीडशेच्या वळणावर माणसं मरू देऊ? तुझ्याच भिंतीवर आदळून? अरे, तू इथे उभा असतोस दिवसभर. मला सांगायचं होतंस, भांडायचं होतंस माझ्याशी. साहेबाच्या पाया पडायला गेलास?"

मी बरंच बोलले. लहानपणापासून त्या जागेचं माझ्यावर जे ऋण होतं नव्हतं, तेही बोलले. तो वाद घालेल, हाकलून देईल, निदान डोळ्यांत पाणी तरी येईल, अशी माझी तयारी होती. त्याने लेथवरचा लोखंडाचा कीस फडक्याने एका बाजूला केला, पुन्हा पुन्हा, साफ झाला तरी.

"झालं बोलून?" त्याने विचारलं.

"हो."

"तू केलंस ते बरोबर असेल," मामा म्हणाला. "तू शिकलीस त्यातलं. पण ते बरोबर आहे असं मला म्हणायला लावू नकोस. तेवढं नको."

मी त्याच्याकडून तेवढंच घ्यायला आले होते. हे मला तो बोलल्यावर कळलं.

"आणि थोडे दिवस घरी येऊ नकोस," तो म्हणाला. "मामीला मी सांगतो काय ते. जा आता, मला हे हातातलं पूर्ण करायचंय."

त्याने लेथ चालू केला. घरघर एवढी होती की मग मी काही बोलले असते तरी त्याला ऐकू गेलं नसतं.