कापसाची खोली

पत्तीची एक कड झिजली होती, अंगठा फिरवला की गुळगुळीत लागायची... इतकी झिजली म्हणजे आपण किती वाजवलं असेल, असा विचार मनात आला आणि जगदेवने खिशातून हात चटकन बाहेर काढला. नखाएवढा तो तुकडा, बुलबुलतरंगाच्या तारा छेडायचा. सदऱ्याच्या वरच्या खिशात, तंबाखूच्या चंचीमागे दडवलेला. बैलगाडीच्या प्रत्येक हिसक्याला छातीला टोचत होता. टोचू दे, बरंच आहे, तेवढी तरी शिक्षा. मंगरूळच्या जिनात या सालचा शेवटचा कापूस टाकून तो आसेगावला परतत होता. गाडी रिकामी, ऊन माघाचं, आणि पुढे गाडीवाला हेमसिंग बैलांशी काहीबाही बोलत होता.

रुख्मिणी पोळ्याच्या तोंडावर गेली. त्याची एकुलती पोर, तापाने गेली. तेव्हापासून त्याची झोप उडाली, छाती उगाच धडधडायची, भाकरीचा घास तोंडात घोळत राहायचा. मंगरूळचे वैद्य म्हणाले, "याले दवा नाही, भाऊ. जीव रमन असं काही करा." जीव रमेल! पोरीला मातीत ठेवून आलेल्या बापाला जीव रमवायला सांगणारा हा कोण टिकोजी, असा त्याला संताप आला होता — आणि त्या संतापातच तो मालेगावच्या बाजारात बाबूलालच्या वाद्यांच्या दुकानापुढे जाऊन उभा राहिला, हे मात्र त्याचं त्यालाच अजून उलगडलेलं नाही.

बासरी तोंडाला लावून पाहिली, श्वास पुरेना. पेटी म्हणजे गावभर दवंडी. मग बाबूलालने ही लांबट पेटुली पुढे सरकवली, वर तारा आणि तारांवर कचेरीतल्या टंकयंत्रासारखी बटणं. "डाव्या हातानं दाबा, उजव्यानं छेडा. लेकरू बी वाजवते, भाऊ." लेकरू हा शब्द कानावर पडल्यावर तरी उठायला हवं होतं. मी उठलो नाही. हिरवी घ्यावी की लाल, हे मी पाहत बसलो... रंग निवडला मी, रंग! दोन्ही उन्हात नेऊन पाहिल्या. हे कुणाला सांगणार?

घरी वाजवायची तरी कुठे? सालभर चुलीवर कढई चढायची नाही, असं त्याच्या बायकोने, चतुराबाईने ठरवलं होतं; दिवाळीलाही तळण झालं नाही. तशा घरात सूर काढायचा म्हणजे निव्वळ निर्लज्जपणा. पण दिवाळीनंतर वेचणीचा कापूस घरात यायला लागला, मागची खोली आढ्यापर्यंत भरली, आणि एका दुपारी त्या कापसात कमरेपर्यंत रुतून बसला असताना त्याच्या ध्यानात आलं की इथे आवाज विझतो. तार छेडली की सूर कापसात जिरतो, दाराबाहेर जात नाही. मग रोज दुपारी तेच सुरू झालं. "कापूस तापला काय पाहून येतो," म्हणायचं — ओलसर कापूस आतून तापतो, उलथावा लागतो, शंका घ्यायचं कुणाला कारण नाही — आणि दार ओढून घ्यायचं.

आधी बोटं नुसती चाचपडायची. नांगर धरणारी बोटं ती, एक बटण दाबायला गेलं की दोन दबायची. पुढे हळूहळू त्याच्या आईची जात्यावरच्या ओवीची चाल निघायला लागली, आणि ती पहिल्यांदा सलग निघाली त्या दिवशी त्याला कडकडून भूक लागली. वाजवताना रुख्मिणी आठवायची नाही. खरं पाप ते, बाकीच्याचं काही नाही. बाहेर आलं की एकदम आठवायची, आणि वाटायचं, आपण तिला दाराशी बसवून आत गेलो होतो. चतुराबाई तिथेच ओसरीवर सूप घेऊन तूर पाखडत असायची, डोळे सुजलेले. तिच्याकडे न पाहता तो विहिरीवर निघून जायचा.

घरी पोचल्यावर त्याने हातपाय धुतले, भाकरी खाल्ली. "कापूस पाहून येतो," तो सवयीने म्हणाला. चतुराबाईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्याने खोलीचं दार ओढलं, वाद्य मांडीवर घेतलं, आणि तार छेडली.

सूर भिंतींवर आदळला. आढ्याला लागला, ओसरीवर गेला... खोली रिकामी होती. खाली नुसती सरकी आणि कचरा पडलेला. हात तिथेच थांबायला हवा होता. पण ओवीची ती ओळ पुरी झाल्यावरच तो थांबला.

दार उघडून चतुराबाई उभी होती.

"हे काय होय?"

"बुलबुलतरंग."

"रोज हेच करत होते तुमी?"

त्याने मान हलवली. ती उंबऱ्यावर बसली.

"मले वाटे, तुमी आत रडून राह्यले," ती म्हणाली. "कोणी आलं त मी वापस धाडो. म्हटलं, मानसाले लोकांत रडता येत नाही, आत त रडू द्या. तुमी आत, अन् मी इथं बाहीर रडो. दोघं हावो म्हनून निभलं." तिने त्याच्या मांडीवरच्या वाद्याकडे पाहिलं. "म्हंजे मी एकटीच होती."

वैद्याचं नाव सांगता आलं असतं. ते ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. त्याची तयारी त्याने केव्हाची करून ठेवली होती. पण खोली रिकामी आहे हे मला ठाऊक नव्हतं? सकाळी गाठोडी मीच गाडीत चढवली. हेमसिंगला दिसू नये म्हणून कापसातून हे वाद्य काढून कोपऱ्यातल्या पोत्याखाली मीच सरकवलं. इतकं सगळं केलं आणि विसरलो?... की तिने ऐकावं, असंच माझ्या मनात होतं? आणि ऐकून तिने काय करावं — तिनेही विसरावं? एकट्याचं सुख पचेना म्हणून सोबत शोधत होतो की काय मी?

रुख्मिणीचा चेहरा या खोलीत पहिल्यांदाच त्याच्यासमोर आला. नाक, कानातल्या बाळ्या, सगळं स्पष्ट. आता रडू येईल, यायलाच हवं, निदान हिच्यासमोर तरी... डोळे कोरडेच होते. तो वाट पाहत राहिला. उंबऱ्यावर बसून, त्याच्या तोंडाकडे पाहत, चतुराबाईही वाट पाहत होती.