बोटभर तेल

मित्रांनो, मला हातात घेतलेत तर तुम्ही विचाराल, हे काय आहे? रबराची काळी कडी, अंगठीपेक्षा मोठी आणि बांगडीपेक्षा लहान. मी एक जुना ऑइल सील आहे. मोटरसायकलच्या इंजिनात क्रँक नावाचा जाड लोखंडी दांडा फिरतो. त्याचे टोक इंजिनाच्या भिंतीतून जिथे बाहेर येते, तिथे आम्हाला बसवतात. दांडा फिरावा, पण आतले तेल बाहेर येऊ नये, एवढेच आमचे काम. माझ्या आतल्या कडेला ओठ म्हणतात. तो ओठ दांड्याला सतत टेकलेला असतो. ओठ असला तरी मला बोलता येत नाही. आले असते तर एका माणसाचा हात मोडला नसता.

माझा जन्म कारखान्यात, साच्यात झाला. तिथले मला काही आठवत नाही. पहिली आठवण आहे ती एका बाईच्या बोटाची.

ती मिस्त्रीची बायको. गल्लीच्या तोंडाशी, पंक्चरच्या दुकानाला लागून मिस्त्रीचे गॅरेज होते. एक दार, एक खिडकी, जमिनीवर तेल पिऊन काळी पडलेली फळी. मिस्त्री फळीवर बसून काम करायचा, ती त्याच्या मागे स्टुलावर बसायची. ती सामान धुवायची, पुसायची आणि त्याच्या हातात द्यायची. मिस्त्री मागे बघत नसे. डावा हात मागे करून पंजा उघडला की हवी ती वस्तू त्यात येऊन पडायची. पान्याचा नंबरही सांगावा लागत नसे. नेहमीचे गिऱ्हाईक असलेला पाववाला मोटरसायकल घेऊन आला की तिला चिडवायचा, "वहिनी, याचं लग्न तुमच्याशी झालंय की तुमच्या हाताशी?"

"हाताशीच," ती म्हणायची. "तोंड त्यांनी अजून नीट बघितलेलं नाही."

माझी पाळी आली तेव्हा तिने मला कागदातून काढले. शेजारी तेलाची वाटी होती. तिने त्यात बोट बुडवले, माझ्या ओठावरून गोल फिरवले आणि मग मला मिस्त्रीच्या पंजात ठेवले. त्याने मला पाववाल्याच्या इंजिनात बसवले. त्या बोटभर तेलाने मला वाचवले. नव्या सीलचा कोरडा ओठ फिरत्या लोखंडाला टेकला की भाजतो. भाजलेला ओठ पुन्हा नीट टेकत नाही.

मग माझी कामाची वर्षे सुरू झाली. एका बाजूला तापलेले तेल, दुसऱ्या बाजूला बाहेरची धूळ, मध्ये मी. पाववाला उजाडायच्या आत निघायचा आणि मागच्या मोठ्या पेटीतला पाव दुकानादुकानांत पोचवायचा. "माझ्या गाडीखाली फरशी पुसावी लागत नाही," असे तो सगळ्यांना सांगायचा. माझे नाव त्यात नसायचे. आमचे कौतुक म्हणजे कोणाला आमची आठवणही न होणे.

पुढे उष्णतेने मी कडक झालो. ओठ झिजला. गाडीखाली डाग पडू लागले आणि पाववाल्याने गाडी मिस्त्रीकडे आणली. झाकण निघाले, त्यामागचे मॅग्नेटचे जड चाक निघाले, माझ्यावर उजेड पडला. मागचे स्टूल रिकामे होते. वाटीतल्या तेलावर धुळीची साय धरली होती. बोलण्यावरून मला कळले, ती तापाने गेली. दवाखान्यात न्यायला उशीर झाला, कारण ती दुखणे सांगतच नसे.

मिस्त्रीने मला स्क्रू ड्रायव्हरने उचकटून काढले, माझी जागा पुसली आणि सवयीने डावा हात मागे केला. पंजा उघडला. तो तसाच राहिला. मग त्याने हात पुढे घेतला, पँटला पुसला आणि कागदातला नवा सील स्वतःच काढला.

त्या गॅरेजात एक रीत होती. नव्या सीलवर थेट हातोडी मारायची नाही. त्याच्यावर जुना सील ठेवायचा आणि जुन्यावर हळूहळू ठोकून नवा सरळ आत बसवायचा. म्हणून मला नव्यावर ठेवले. त्याचा ओठ मला लागला. तो कोरडा होता.

मिस्त्रीला हे शिकवले नसेल असे नाही. पण इतकी वर्षे त्याच्या पंजात सील यायचा तो तेल लावलेलाच. त्याचा हात ते विसरून गेला होता. मला कळत होते आणि हातोडी माझ्याच पाठीवर पडत होती.

व्हायचे तेच झाले. डाग परत आले. मिस्त्रीने सुट्या भागांच्या दुकानदाराला खोटा माल देतोस म्हणून सुनावले आणि दुसरा सील आणला. तोही कोरडाच बसवला. या वेळी तेल ओघळत मागच्या टायरवर गेले. वळणावर गाडी घसरली. पाव रस्ताभर पसरला आणि पाववाल्याचा हात मोडला.

गल्लीत बोलले जाऊ लागले की बायको गेली आणि मिस्त्रीचा हातही गेला. गिऱ्हाइके पलीकडच्या गॅरेजात जाऊ लागली. मेव्हणा येऊन म्हणाला, हत्यारे विका, माझ्याकडे येऊन राहा. मिस्त्रीने वाद घातला नाही. त्याने पाने पोत्यात भरले. बाहेर ठेवले ते फक्त पाववाल्याच्या गाडीला लागणारे.

"ही एवढी करतो," तो म्हणाला. "ही गळली तर दार बंद."

पाववाला हात गळ्यात बांधून आला होता. बसायला दुसरे काही नव्हते, म्हणून तो तिच्या स्टुलावर बसला. भाजलेला सील निघाला. मिस्त्रीचा डावा हात सवयीने मागे गेला. पाववाल्याने नवा सील उचलला, दातांनी कागद फाडला, सील पंजात ठेवायला गेला आणि थांबला.

"वहिनी असा नुसता देत नव्हत्या रे."

"म्हणजे?"

"आधी आतून बोट फिरवायच्या. त्या वाटीतलं तेल लावून."

मिस्त्री मागे वळला. त्याने वाटीकडे पाहिले, मग स्टुलाकडे.

"कधी बोलली नाही," तो म्हणाला. "मला वाटायचं, सील असाच येतो."

मिस्त्रीने वाटी पुसली, ताजे तेल ओतले. त्याची बोटे जाड, म्हणून त्याने करंगळी बुडवली आणि सीलच्या ओठावरून फिरवली. एकदा फिरवून त्याचे समाधान झाले नाही, पुन्हा फिरवली. मग सील जागेवर धरला, वर मला ठेवले आणि ठोकले.

ती गाडी आजही गळत नाही. पाने पोत्यातून बाहेर आले. पण त्या दिवशी काम संपल्यावर मिस्त्री हात न पुसता कितीतरी वेळ फळीवर बसून होता. पाववाल्याने घरी चल म्हटले, तरी उठला नाही.

मी आता भिंतीवरच्या खिळ्याला असतो. नवा सील बसवायचा असला की मला खाली काढतात. त्याच्या ओठावरचे थोडे तेल मलाही लागते. मिस्त्रीचा हात अजून मागे जातो, रिकामा पुढे येतो आणि मग वाटीत बुडतो.

मित्रांनो, गाडी वेळच्या वेळी दाखवा, गळती अंगावर काढू नका, हे तर मी सांगतोच. पण तुमच्या मागे स्टुलावर कोणी बसलेले असेल, तर ते आहे तोवर एकदा वळून बघा. तुमच्या हातात वस्तू देण्याआधी ते माणूस त्या वस्तूचे काय करते, हे विचारा. मिस्त्रीच्या बायकोला कोणी विचारले नाही.