स्वस्तात सापडलेली वाइन

माझी नणंद चिडली की ओरडत नाही, झाडपूस करत सुटते. त्या दिवशी मी दुकानात पोचले तर ती शिडीवर चढून रिकाम्या फळ्या घासत होती आणि माझा नवरा गल्ल्यामागे मान खाली घालून बसला होता. आदल्या संध्याकाळपर्यंत त्या फळ्यांवर लाल वाइनच्या बाटल्या गच्च भरलेल्या होत्या.

"विकल्या," नवरा माझ्याकडे न बघता म्हणाला. "सगळ्या. नदीकाठच्या मोठ्या हॉटेलला."

"मला न विचारता," ताई शिडीवरूनच म्हणाली. ताई म्हणजे माझी नणंद. गिऱ्हाइकंही तिला ताईच म्हणतात.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणूनच विचारायचं असतं."

दुकान सासऱ्यांनी इथे युरोपात येऊन उभं केलं आणि दोघा भावंडांच्या नावावर ठेवून गेले. भाडं, मालाची ने-आण, विक्री हे नवरा बघतो. वाइन शोधायचं काम ताईचं. दरवर्षी थंडी सरली की ती इथल्या आडबाजूच्या गावांतून हिंडते. नावाजलेल्या मळ्यांच्या पाट्या जिथे संपतात तिथून तिचा रस्ता सुरू होतो. दार वाजवलं की घरचंच कुणीतरी हात पुसत बाहेर येतं, पिंपातून ग्लासभर काढून देतं. ताई चाखते, थुंकते, आभार मानून निघते. एखाद्याच ठिकाणी ती घोट गिळते. तिने गिळला की समजायचं, सापडली.

ही त्यातली तिची सगळ्यात लाडकी. मळा उभ्या चढावर, यंत्र चढतच नाही, द्राक्षं पाठीवरच्या टोपल्यांतून खाली आणायची. राबायला दोघीच, विधवा मालकीण आणि तिची सून. वाइनला आधी काळ्या चेरीचा वास येतो, मग ओल्या दगडाचा, आणि घोट उतरला तरी चव तोंडातून जायचं नाव घेत नाही. बड्या मळ्याची असती तर आम्ही तिला काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलं असतं. पण ती दाराजवळच्या फळीवर असायची. कोपऱ्यावरचा चष्मेवाला, रिटायर झालेली नर्स, शाळेतल्या दोन शिक्षिका, सगळे वर्षभर तिची वाट बघायचे. ताईला अभिमान होता तो याचाच. "चांगलं प्यायला माणूस श्रीमंत कशाला असायला हवा," असं ती उठता-बसता म्हणायची.

दुपारी चष्मेवाला आलाच. "ताई, माल आला म्हणे."

ताईने त्याला रिकामी फळी दाखवली. तो बिचारा रिकाम्या हाताने गेला. ताईने फडकं बादलीत टाकलं आणि मला म्हणाली, "चल, आज हॉटेलात जेवू."

हॉटेलच्या मेनूकार्डावर आमची वाइन पहिल्याच पानावर होती. खाली लिहिलं होतं, 'एका जुन्या उमराव घराण्याच्या तळघरातून, मोजक्या रसिकांसाठी.' आणि किंमत अशी, की तेवढ्यात आमच्या दुकानातून अख्खं खोकं गेलं असतं.

ताईने मॅनेजरला बोलावलं. "कुठलं घराणं हे?"

"मॅडम, पाहुण्यांना बाटलीबरोबर थोडी गोष्टही लागते," तो हसून म्हणाला.

"गोष्ट आहे की. मळ्याच्या मालकिणीच्या सासऱ्याने दगड फोडून त्या चढावर बांध घातले. ती लिहा."

"ती जरा कष्टाची वाटते," मॅनेजर म्हणाला, आणि पाण्याचे ग्लास भरून निघून गेला.

ताईने न जेवताच उठायला लावलं. बाहेर रस्त्यावरच उभं राहून तिने मालकिणीला फोन लावला. तुझं नाव पुसलं, तुझी मेहनत पुसली, तुला ठाऊक नसलेला उमराव तुझ्या डोक्यावर बसवला, असं सगळं भडाभडा सांगितलं. पलीकडून एवढंच आलं, "येते मी."

आणि खरंच आली. तिसऱ्या दिवशी, शेजाऱ्याच्या टेम्पोतून, ठेवणीतला कोट घालून. उंच, हाडापेराने मजबूत, ताईपेक्षा दहाएक वर्षांनी मोठी. दोघी कडकडून भेटल्या. ताई तिला तडक हॉटेलात घेऊन गेली, मी मागोमाग. माझी खात्री होती की आता मॅनेजरची काही धडगत नाही.

उमरावाचं वाचून दाखवल्यावर बाई मनापासून हसली. "आमच्याकडे तळघरच नाही," ती म्हणाली. "गोठा होता, तिथे टाक्या बसवल्यात." मग तिचं बोट किमतीवर गेलं आणि हसू थांबलं.

"एका बाटलीचे?"

"एका बाटलीचे," ताई म्हणाली. "बघ ना. लूट आहे नुसती."

"आणि लोक देतात?"

"देतात."

बाईने मेनूकार्ड मिटून नीट बाजूला ठेवलं. "मग तू मला इतके कमी का देतेस?"

ताईला क्षणभर प्रश्नच कळला नाही. "अगं, तो भाव तूच सांगितलास."

"मी सांगितला. पहिल्या वर्षी माझ्या दारात दुसरं कुणी येत नव्हतं, हे तुला दिसत होतं. त्यानंतर दरवर्षी तू येतेस, घोट घेतेस, डोळे मिटतेस, म्हणतेस, एवढी चांगली आणि एवढी स्वस्त. मला वाटायचं, ही माझं कौतुक करते आहे."

"कौतुकच करत होते."

"स्वस्त कशी पडते, ते कधी विचारलंस? माझ्या सुनेचे गुडघे गेलेत त्या चढावर. आता ती गावातल्या कारखान्यात डबे भरते, बसून. यंदाची द्राक्षं मी एकटीने उतरवली. तुझ्या गिऱ्हाइकांना परवडते याचा तुला आनंद आहे, चांगलं आहे. पण तो आनंद माझ्या खर्चाने का?"

तिचा आवाज चढला नव्हता. शेजारच्या टेबलावरचं कुणी वळूनही बघितलं नाही. ताईचा चेहरा मात्र कुणी चारचौघांत थोबाडीत मारावी तसा झाला होता.

मग बाईने स्वतःच मॅनेजरला हाक मारली. उमराव काढायचा आणि तिचं व सुनेचं नाव घालायचं, हे पहिलं. दुसरं, पुढच्या वर्षीपासून माल थेट तिच्याकडून घ्यायचा, ती सांगेल त्या भावाने. मॅनेजर दोन्हीला लगेच कबूल झाला. निघताना ती ताईला म्हणाली, "तुलाही देईन. अर्धा माल तुझा. पण भाव तोच."

घरी येताना ताई सगळ्यांवर चिडलेली होती. मॅनेजर भामटा. भाऊ विश्वासघातकी. "आणि ती," ती म्हणाली, "मी तिला शोधून काढलं, वहिनी. कुणी विचारत नव्हतं तिला." जरा वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "ती कुठे हरवली होती शोधायला."

नवऱ्याने सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "म्हणजे हॉटेलही गेलं आपल्या हातचं. कुणी सांगितलं होतं तिला बोलवायला?"

"तू विकायच्या आधी मला विचारलं असतंस तर कुणीच बोलावलं नसतं," ताई म्हणाली. त्यावर दोघांत जे जुंपलं ते सासऱ्यांच्या काळापर्यंत मागे गेलं. शेवटी ठरलं ते एवढंच, की ताईने आणलेला माल तिच्या होकाराशिवाय दुकानाबाहेर जाणार नाही. महिनाभर दोघं माझ्यामार्फत बोलत होती.

पुढच्या वर्षी खोकी आली, निम्मी, नव्या भावाची. चष्मेवाल्याने बाटली हातात घेतली, किमतीची चिठ्ठी वाचली आणि बाटली परत जागेवर ठेवली. "ताई, तुम्हीसुद्धा?"

ताईने त्याला चढाचं सांगितलं, टोपल्यांचं, सुनेच्या गुडघ्यांचं. "खरं असेल," तो म्हणाला. "पण माझेही डोळे दिवसभर दुसऱ्यांच्या भिंगांत जातात. मला कोण जास्त देतं?" त्याने साधी टेबल वाइन घेतली आणि गेला. नर्सने एक बाटली घेतली, मुलीच्या लग्नाच्या वाढदिवसाला उघडीन म्हणाली. ताई दिवसभर धुमसत होती, पण या वेळी नक्की कुणावर, ते तिलाही सांगता येईना. हॉटेलात बाई म्हणाली ते खरं, चष्मेवाला म्हणाला तेही खरं, आणि दोघांना पुरेल असा भाव काही तिला सापडत नव्हता.

यंदा तिच्याबरोबर मीही गेले. एका डोंगराआडच्या गावात नवरा-बायकोचा छोटा मळा होता. दोघांचे हात वाइनच्या रंगाने नखांपर्यंत काळे पडलेले. ताईने घोट घेतला आणि गिळला. मालकाने चाचरत भाव सांगितला. कमी होता, फारच कमी.

"द्राक्षं कोण तोडतं?" ताईने विचारलं. ते सांगू लागले. ती शेवटपर्यंत ऐकत बसली आणि मग तिने स्वतःहून दीडपट भाव सांगितला. दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

तेवढ्यात ताईला माझ्या नवऱ्याचा फोन आला. आकडा ऐकून तो असा कडाडला की मला दोन हातांवरून ऐकू आलं. "समोरचा कमी मागतोय आणि तू जास्त देतेस? डोकं ठिकाणावर आहे का?"

ताईने फोन बोलता ठेवूनच टेबलावर पालथा घातला आणि मालकिणीपुढे ग्लास सरकवला. "जरा मागच्या वर्षीची चाखवा," ती म्हणाली.