हरवलेली एकोणीस वर्षं

एक्स-रेवर प्रवाळाचे पट्टे मी तीनदा मोजले. वर्षाला एक फिका आणि एक गडद पट्टा, अशा एकशे बारा जोड्या. पण युरेनियमचं थोरियम किती झालं ते मोजणारं आमचं यंत्र तळाचा तुकडा एकशे एकतीस वर्षांचा आहे, यावर अडून बसलं होतं.

एकोणीस वर्षं गेली कुठे?

साहेबांचं उत्तर तयारच होतं. "कटिंगच्या करवतकाकांचा काप तिरका गेलाय. वाढीच्या दिशेने कापलं नाही की पट्टे सुटणारच. त्यांना स्टोअरला पाठवू. बदलीच्या कागदावर तुमची सही लागेल."

माझं डोकंच फिरलं. मी या प्रयोगशाळेत आले तेव्हा मला साधं पातं धरता येत नव्हतं, ते काकांनी शिकवलं. पण खरं सांगायचं तर मनात पाल चुकचुकलीच.

सही मी दोन दिवस टाळली आणि काप पुन्हा न्याहाळला. मध्ये एक बारीक तपकिरी रेघ होती. तिच्या खालची आणि वरची चिमूट चिमूट भुकटी यंत्रात घातली. खालची शहाऐंशी वर्षांपूर्वीची निघाली, वरची सदुसष्ट. म्हणजे प्रवाळाचा तो भाग मेला होता. एकोणीस वर्षांनी कडेचा जिवंत भाग त्याच्यावर चढला आणि पुन्हा वर्षाला नऊ मिलिमीटरने वाढायला लागला.

मी जवळजवळ पळतच कटिंगच्या खोलीत गेले. काका पातं पुसत होते.

"काका, काप अगदी सरळ आहे. साहेबांना आता बोलायला तोंड नाही."

"बस पोरी," ते म्हणाले. "या खेपेला सरळ गेला. कापायला मी आखलेली रेघ मला दिसलीच नव्हती. सहा महिने झाले, सगळं धूसर दिसतंय."

"मग बोलला का नाहीत?"

"हे सोडून मला दुसरं काय येतं गं?" त्यांनी पातं खाली ठेवलं. "पण पुढचा काप वाकडा गेला, तर एवढ्या वर्षांची वाढ माझ्या हातून मातीत जाईल. बदलीचा कागद आलाय, ते कळलंय मला. कर सही."

मी वाद घातला, चिडले, शेवटी रडलेसुद्धा. मग सही केली.

खाली त्यांचीही सही लागत होती. ते कागदावर पेन इकडेतिकडे फिरवत राहिले, तेव्हा मी त्यांचा हात धरून जागेवर नेला.