संत सेबास्तियनच्या दिवशीचा फळा

मी एक लाकडी फळा. परळच्या एका वाडीच्या तोंडाशी दगडी क्रूस आहे, त्याच्या मागच्या भिंतीवर टांगलेला. जाता-येता तुम्ही मला वाचलं असेल, पण पाहिलं नसेल. माणसं अक्षरं बघतात, फळा बघत नाहीत. आणि ती अक्षरंही माझी नव्हेत. सकाळी येतात, दुसऱ्या सकाळी जातात. स्वस्थता अशी मला कधी लाभलीच नाही.

गिरगावातल्या एका सुताराने सागवानी फळ्या जोडून मला केलं. मग म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत, तिसरीच्या वर्गात, अकरा वर्षं काढली. पोरं कोळशाची पूड आणि घेवड्याचा पाला घासून मला काळं करत. मधोमध चीर गेली तेव्हा माझी रवानगी जिन्याखाली झाली. वर्गाच्या इसाबेलबाई निवृत्त होताना हेडमास्तरांना म्हणाल्या, "मला निरोपाची शाल नको. तो फळा द्या."

बाई विधवा. वाडीत एकट्याच राहत. त्यांनी मला क्रूसामागच्या आपल्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर, खिडकीशेजारी टांगलं. वाडीतली ख्रिस्ती घरं मराठी बोलणारी, पण देवळात मिस्सा, म्हणजे रोजची उपासना, लॅटिनमध्ये आणि प्रवचन इंग्रजीत. म्हाताऱ्या बायका गुडघे टेकून यायच्या आणि काही न कळता परत जायच्या. बाईंना ते सलायचं. म्हणून रोज सकाळी मिस्सा आटोपली की त्या माझ्यावर त्या दिवसाच्या संताचं नाव लिहीत आणि खाली चार सोप्या ओळी.

"आज संत झिटा. ही मोलकरीण होती. तुमच्याकडे भांडी घासायला येते तिला विचारा, जेवलीस का?" असलं काहीतरी. ते वाचून कुणी थबकायचं, कुणी ओशाळून पुढे जायचं.

समोरच्या चाळीतली मालन पाण्याला जाताना घागर कमरेवर घेऊन थांबायची. तिला अक्षरओळख नव्हती. "बाय, आज कुनाचा वार?" ती विचारायची, आणि बाई मोठ्याने वाचून दाखवायच्या. मालन हिंदू, पण आमचे संत तिला शेजाऱ्यांसारखे पाठ झाले होते.

तिचा नवरा गुणाजी गिरणीत विणकर. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली तेव्हा एक दिवस तो खडू घेऊनच आला. "मास्तरीणबाई, खालचा अर्धा फळा द्या की. सभा कधी, मोर्चा कुठून, लोकांना कळायला पायजे."

बाईंनी मधल्या चिरेवरून रेघ ओढली. "ही ओलांडायची नाही. आणि कुणाचं नाव घेऊन शिव्या लिहायच्या नाहीत."

तेव्हापासून माझ्या वरच्या अंगावर क्षमा आणि खालच्या अंगावर लढा. माझा जीव दोन्हीकडे ओढला जाई.

छप्पन्नच्या जानेवारीत गोळीबार सुरू झाले. अठरा तारखेला संध्याकाळी दोघा सोबत्यांनी गुणाजीला वाडीच्या मागच्या भिंतीवरून बाईंच्या खोलीत उतरवलं. खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं. गोळी पोटरीतून आरपार गेली होती.

"इस्पितळात नेलं तर तिथनं सरळ तुरुंगात," त्यांतला एक म्हणाला.

"मग इथेच ठेवा," बाई म्हणाल्या, आणि पाणी तापवायला गेल्या.

संचारबंदी लागली. पोलिसांनी गुणाजीसाठी चाळ झडती घेऊन उलटीपालटी केली. क्रूसापाशी, अगदी माझ्याखाली, पहारा बसला. नवरा जिवंत आहे की नाही, मालनला कळायला मार्ग नव्हता. बाईंना तिकडे जाता येईना, आणि गेल्या असत्या तर पहारेकऱ्याला संशय आला असता.

वीस तारखेला सकाळी पाण्यासाठी तासभर सूट मिळाली. बाई खडू घेऊन बाहेर आल्या. माझ्याखाली एक हवालदार काठी टेकून उभा होता. बाईंनी लिहायला सुरुवात केली आणि पहिल्यांदाच आपली रेघ स्वतः ओलांडून खाली आल्या.

तेवढ्यात मालन आली. डोळे सुजलेले. घागर आणायलाही विसरली होती. "बाय, आज कुनाचा वार?"

बाईंनी मोठ्याने वाचलं. "आज संत सेबास्तियन. हा शिपाई होता. राजाच्या हुकुमाने त्याच्याच सोबत्यांनी त्याला बाणांनी मारलं. सगळ्यांना वाटलं, मेला. पण तो मेला नव्हता. एका विधवेने त्याला घरी नेलं. ती त्याच्या जखमा धुते आहे."

त्या गोष्टीतलं एक 'धुते आहे' वर्तमानातलं होतं. मालनने पदराने तोंड दाबलं. ती वळली आणि भिंतीला हात लावत चाळीत शिरली.

हवालदाराने मला वरून खालपर्यंत वाचलं. मग विचारलं, "ही विधवा कोण?"

"आयरीन. रोमची."

"तुमचे मालक काय करतात, बाई?"

"वारले. नऊ वर्षं झाली."

तो खिडकीकडे बघत राहिला. कोपऱ्यावर साहेबाची गाडी थांबली. हवालदाराने हात उचलला आणि आपल्या निळ्या बाहीने मला पुसलं. आधी शेवटच्या दोन ओळी, मग वरचं सगळं.

"काय होतं रे त्यावर?" साहेबाने येऊन विचारलं.

"देवाधर्माचं होतं, साहेब. फळे पुसायचा हुकूम आहे ना."

ते निघून गेले. दुपारी पहारा बदलला, तो हवालदार पुन्हा दिसला नाही. गुणाजी बरा झाला. जरासा लंगडतो, पण गिरणीत जातो. राज्य झालं त्या साठच्या मे महिन्यात त्याने मला झेंडूचा हार घातला.

आता बाईंची नजर अधू झालीय. अक्षरं वाकडी येतात. पण मला आजही चैन नाही. त्या माणसाने फक्त हुकूम पाळला, की आम्हाला वाचवलं? शाळेत अकरा वर्षं मी पुसला गेलो. फळा पुसणारा वरून सुरुवात करतो. त्याने खालून का केली?

बाई रोज खिडकीशी प्रार्थनेला बसतात. एकेकाचं नाव घेतात, आणि शेवटी अडखळतात. "आणि तो," एवढंच म्हणतात.

तुम्ही त्याला ओळखत असाल. उंच, डाव्या भुवईवर व्रण, बोली कऱ्हाडकडची. ओळखत असाल तर त्याचं नाव माझ्यावर लिहून जा. खडू क्रूसाच्या पायरीवर ठेवलेला असतो.